होडीतली पुढची जागा

“तू दोर सांभाळ. दांड्याचं मी बघतो.”

होडी धक्क्यापासून सुटली की नवरा हे म्हणायचाच. खरं तर म्हणायची काही गरज नव्हती. लग्न झाल्यापासून दर रविवारी ती पुढे बसत आली होती, शिडाचे दोर हातात घेऊन, आणि तो मागे, सुकाणूचा लाकडी दांडा बगलेत धरून. घरातून निघताना माणूस ‘येतो’ म्हणतो, तसं ते त्याचं म्हणणं होतं. तिलाही ते ऐकल्याशिवाय निघाल्यासारखं वाटत नसे.

दोरांचं काम तिला छान जमायचं. वारा फिरला की मानेवरच्या केसांना आधी कळायचं आणि त्याने ‘ओढ’ म्हणायच्या आत तिने दोर ओढलेला असायचा. ओळखीचे लोक म्हणत, हे जोडपं म्हणजे एकाच माणसाचे दोन हात आहेत. ते खरं होतं, आणि नको तितकं खरं होतं. डाव्या हाताला उजव्याचं काम येत नव्हतं.

अगदी सुरुवातीला एकदा त्याने विचारलं होतं, “मागे येतेस का? दाखवतो कसं हाकायचं ते.” ती म्हणाली होती, “नको. तुमच्या वडिलांची होडी मी खडकावर घातली, तर तुमच्या अख्ख्या घराची बोलणी कोण खाणार?” दोघंही हसले होते. मग तो विषय कुणी काढला नाही. तिला मागे जावंसं वाटलं नाही, आणि त्यालाही पुन्हा विचारावंसं वाटलं नाही. त्यांच्या ओळखीत होड्या असलेली जेवढी जोडपी होती, त्या सगळ्यांचं असंच होतं. बायको पुढे, नवरा मागे. असं कुणी ठरवलं होतं, हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

तो गेला, त्याला आता वर्ष होत आलं होतं.

वादळ नव्हतं, काही नव्हतं. छान ऊन पडलं होतं आणि डाव्या बाजूने चांगला वारा होता. मागच्या कप्पीत दोर अडकला म्हणून तो सोडवायला उभा राहिला. एक लाट आडवी आली. होडी कलली आणि तो डाव्या अंगाने पाण्यात गेला. लाइफ जॅकेट होडीतच राहिलं, कारण बसायला कठीण लागतं म्हणून तो त्याची उशी करायचा. त्याने हात वर केला. हाकही मारली. ती पुढून धडपडत मागे आली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने तो दांडा हातात धरला.

होडी वळलीच नाही. वळण्याऐवजी ती पळत सुटली. ती सगळं अंग टाकून दांडा दाबत होती, आणि पाण्यावरचं ते काळं डोकं लहान लहान होत गेलं. शेवटी होडी लांब वाळूच्या पट्ट्यावर जाऊन रुतली. तिथून तिला कोळ्यांनी आणलं. तो संध्याकाळी सापडला.

लोक म्हणाले, वाऱ्यापुढे कुणाचं काय चालतं. कुणी म्हणालं, पाण्याला ओढ होती. मोठी नणंद, जिला ती ताई म्हणायची, तिने तिचं डोकं मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा सांगितलं, “तुझ्या हातात काही नव्हतं गं. काही नव्हतं.” त्याच शब्दांवर ती वर्षभर उभी होती. सकाळी उठून दिवा लावायचा, हात जोडायचे, त्याला सुखात ठेव म्हणायचं, आणि चष्म्याचं दुकान उघडायचं. दुकान दोघांचं होतं. तो काचा घासायचा, ती फ्रेम बसवायची. आता काचा बाहेरून घासून यायच्या.

पण हात रिकामे झाले की त्या हातांत तो दांडा यायचा. होडी वळली का नाही? हे तिला कळत नव्हतं. खरंच आपल्या हातात काही नव्हतं का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. नव्हतं, असं कळलं तर रडून मोकळं होता येईल. आणि होतं, असं कळलं तर? त्याच्यापुढचा विचार ती करत नसे.

एक दिवस दुकानात जाड अंगाची, उन्हाने रापलेली एक बाई आली. चष्म्याची एक काडी तुटून तिच्या खिशात होती आणि दुसरी कानावर.

“काय झालं याला?”

“एका विद्यार्थिनीने दोर फेकला. नेम चांगला होता, फक्त माणूस चुकला.”

तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून तिचं तिलाच ते ऐकू आलं. काडी बसवताना ती म्हणाली, “कसल्या विद्यार्थिनी?”

बाई पूर्वी बंदरात टगबोट चालवायची, मोठी जहाजं ओढून आणणारी. आता होडी दुरुस्तीच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये वर्ग घेते, फक्त बायकांचा. होडी हाकणारा माणूस पाण्यात पडला, किंवा बसल्या जागी त्याला चक्कर आली, तर उरलेल्या बाईने काय करायचं, ते शिकवते. “निम्म्या बायका म्हणतात, आमचे हे कशाला पडतील? मी म्हणते, पडू नयेतच. पण पडले तर तुम्ही नुसतं ‘अहो, अहो’ करणार का?”

काडीचा स्क्रू तिच्या बोटांतून निसटला आणि काउंटरवर गोल फिरत राहिला. तिने तो उचलला, बसवला, काचा पुसल्या. मग म्हणाली, “माझं नाव घालाल का त्यात?”

“होडी आहे तुमच्याकडे?”

“आहे. झाकून ठेवली आहे.”

बाईने शेडचा पत्ता पावतीच्या मागे लिहून दिला.

शेडमध्ये व्हार्निशचा वास होता आणि बसायला उलटी घातलेली लाकडी खोकी. वर्गात अजून दोघी होत्या. एक दातांची डॉक्टर, जिच्या नवऱ्याने नुकतीच नवी होडी घेतली होती. दुसरी कोपऱ्यावरची बेकरीवाली. कोपऱ्यात एक जुना रबरी पोशाख माणसाच्या आकारात ठासून भरलेला होता, पोटात पाण्याचे कॅन आणि छातीत तरंगते फ्लोट. पाण्यात टाकायचा माणूस तो हाच.

“ह्यांचं नाव काय?” बेकरीवालीने विचारलं.

“नाव नाही ठेवलं.”

“मग जावईबापू म्हणू या. काम काही करत नाहीत, नुसते फुगून बसलेत, आणि आपण सगळ्यांनी मिळून उचलायचं.”

“तोंडही उघडत नाहीत,” डॉक्टर म्हणाली. “माझ्याकडे असेच येतात.”

बाईसुद्धा हसली. तेव्हापासून त्या पुतळ्याचं नाव जावईबापू पडलं ते पडलंच.

पहिल्या दिवशी वारा मऊ होता. चौघी वर्गाच्या होडीतून खाडीच्या मधोमध आल्या. बाईने न सांगताच जावईबापूंना डाव्या बाजूने पाण्यात लोटलं आणि शांतपणे म्हणाली, “माणूस पडला. चष्मेवालीबाई, दांडा घ्या. डॉक्टर, तुम्ही त्यांच्याकडे बोट दाखवत राहा, नजर काढू नका.”

ती मागे गेली. दांडा धरला. जावईबापू डावीकडे, मागे, पाण्यावर हलत होते. तिने दांडा त्यांच्याकडे ढकलला.

होडीचं तोंड उजवीकडे गेलं. शीड फुगलं, पाणी खळखळायला लागलं, आणि होडी पळत सुटली. तिने आणखी जोर लावला. होडी आणखी वळली, आणखी लांब गेली. डॉक्टर बोट दाखवत होती, आणि बोटाच्या टोकाशी ते काळं काहीतरी लहान लहान होत चाललं होतं.

“सोडा,” बाई म्हणाली. “हात काढून घ्या.”

तिने हात काढले. दांडा आपोआप पलीकडे गेला. होडीने हळूच मान वळवली, वाऱ्याकडे तोंड केलं आणि शीड फडफडवत उभी राहिली. दारात थांबलेल्या पाहुण्यासारखी.

“सगळ्याजणी पहिल्यांदा असंच करतात,” बाई सगळ्यांना सांगत होती. “माणूस जिकडे, हात तिकडे जातो. आपल्याला वाटतं, त्याच्याकडे ढकललं की त्याच्याकडे जाऊ. पण दांडा इकडे गेला की होडी तिकडे वळते. ज्याच्याकडे जायचं, त्याच्यापासून दांडा लांब ढकलायचा. मनाला पटत नाही ते, म्हणून हाताला शिकवायचं.”

“म्हणजे नवऱ्यासारखंच,” बेकरीवाली म्हणाली. “इकडे ये म्हटलं की तिकडे जातो.”

दोघी हसल्या. ती दांड्याकडे बघत होती. लाकूड हाताच्या घामाने जागोजागी काळं पडलं होतं. आतापर्यंत किती जणींनी तो धरला असेल, आणि चुकीचा ढकलला असेल, आणि मग हसल्या असतील.

“बाई,” ती म्हणाली, “समजा, कुणी चुकीचा ढकलला. आणि तसाच धरून ठेवला. तर?”

“तर होडी थांबत नाही. वारा मागून घेते आणि लांब निघून जाते.”

“आणि काहीच केलं नाही तर? नुसती बसून राहिली तर?”

“तर आत्ता थांबली तशी थांबते. ही होडी, आणि हिच्यासारख्या बऱ्याच.” बाईने तिच्याकडे नीट पाहिलं. “का हो?”

“काही नाही. परत दाखवा.”

त्या संध्याकाळी तिने रोजच्यासारखा दिवा लावला, पण हात जोडायला गेली आणि ते हात तिला कुणा परक्याचे वाटले. ती नुसतीच दिव्यासमोर बसून राहिली. मागणं काही तोंडात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई दुकानात आली. रिटायर झाल्यापासून ती आठवड्यातून एकदा यायचीच, काहीतरी करून आणायची, आणि काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना नको ती फ्रेम घ्या म्हणून सांगायची. अनेक वर्षं दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे तिच्या बोलण्यात हुकूम होता आणि हातात माया.

“चेहरा का असा? जेवलीस का?”

“जेवले.”

“खोटं बोलायला अक्कल लागते. डबा उघड.”

ती दोन घास खात होती तोवर ताई बोलत राहिली. मुलगी आणि जावई यंदा सुट्टीत होडीने निघणार आहेत, पलीकडच्या बेटांपर्यंत, आठ-दहा दिवस दोघंच. जावयाने नकाशे भिंतीवर लावलेत. पोरगी नवीन दोर घेऊन आलीय, रोज गाठी मारून बघते. “तुला विचारत होती, मामी कधी येतेय म्हणून. तुझ्याशिवाय चैन नाही तिला.”

तिने हातातला घास परत डब्यात ठेवला. ती भाची मामाच्या अंगाखांद्यावर वाढलेली होती. मामा गेला तेव्हा स्वतःचं घर सोडून ती कितीतरी दिवस मामीजवळ झोपायला आली होती, आणि एकदा अंधारात म्हणाली होती, “मामी, तू तरी परत आलीस. देवाने तुला तरी ठेवलं.” ते बोलणं तिने जपून ठेवलं होतं. आता ते आठवलं तर अंगावर काटा येत होता.

“तुम्ही वर्गाला जाताय का कुठल्या?” ताईने अचानक विचारलं. ती कधीमधी तिला अहो-जाहो करायची, विशेषतः काही काढून घ्यायचं असलं की. “बेकरीवाली सांगत होती.”

“हो. असंच. वेळ जात नाही म्हणून.”

ताईने डब्याचं झाकण लावलं. “बरं आहे,” म्हणाली. आणि तिच्याकडे न बघता उठून गेली.

वर्ग सोडून द्यावा असं तिला रोज वाटे आणि रोज ती जाई. तिला एकच आशा उरली होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. पुढच्या धड्यांत कुठेतरी असं काहीतरी येईल जे आपल्याला त्या दिवशी जमलंच नसतं, अशी ती आशा होती. दांडा बरोबर ढकलला असता, तरी पुढे कुठेतरी अडलं असतं, असं कळू दे. एवढं एक कळू दे.

पण एकेक धडा तिच्या हातून ते काढून घेत गेला. होडी वाऱ्याच्या तोंडाला उभी करायची, शीड सैल सोडायचं. ते तर तिचंच काम, डोळे मिटून येणारं. वारा जिकडे वाहतो तिकडे, माणसाच्या थोडं खाली जाऊन हळू वाऱ्याकडे वर यायचं, म्हणजे तो होडीच्या बाजूला येतो. पहिल्या प्रयत्नात जावईबापूंच्या डोक्यावरूनच होडी गेली आणि बेकरीवाली म्हणाली, “मुलीला आता माहेरीच ठेवा.” दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा तिने हात लांब केला आणि जावईबापूंची कॉलर तिच्या मुठीत आली.

मग उरलं ते वर घेणं. नवरा अंगाने भरलेला होता, ओल्या कपड्यांत तर आणखीच जड. तिला त्याला वर घेता आलं नसतं. ह्या एका गोष्टीवर तिने सगळा भार टाकला होता.

शेवटच्या आठवड्यात बाईने जावईबापूंच्या पोटात आणखी कॅन घातले. वारा चांगला होता, डावीकडून. ऊन पडलं होतं. त्या दिवसासारखाच दिवस होता, आणि हे फक्त तिला माहीत होतं.

“एकटीने करायचं,” बाई म्हणाली. “आम्ही तिघी नाही आहोत असं समजा.”

जावईबापू पाण्यात पडले. तिने दांडा त्यांच्यापासून लांब ढकलला. होडी वळली, उभी राहिली. ती फेरी घेऊन खालच्या अंगाने आली आणि हळूच बाजूला लागली. आता उचलायचं. तिने दोराचा फास त्यांच्या काखेतून घातला, दोराचं दुसरं टोक शीड वर चढवायच्या कप्पीतून घेतलं, आणि ओढायला लागली. हे तिच्या हातांना नवीन नव्हतं. इतकी वर्षं दर रविवारी तिने अशाच दोराने शीड वर नेलं होतं. थोडं ओढायचं, खुंटीला वेढा द्यायचा, दम घ्यायचा, पुन्हा ओढायचं. जावईबापू पाण्यातून वर आले, अंगातून पाणी गाळत, आणि काठावरून आत घरंगळून तिच्या पायाशी पडले.

डॉक्टरने टाळ्या वाजवल्या. बेकरीवाली म्हणाली, “आता ह्यांना चहा विचारा.”

ती खाली बसली. ओल्या रबरी पोशाखाच्या छातीवरचं पाणी तिने हाताने पुसलं, मग पदर ओढून पुसल्यासारखं स्वतःच्या जॅकेटच्या बाहीने पुसलं, आणि पुसतच राहिली. डॉक्टरच्या टाळ्या थांबल्या. बाईने स्वतः दांडा घेतला आणि होडी धक्क्याला आणली.

बाकीच्या दोघी हळूच निघून गेल्या. बाई दोर गुंडाळत तिच्याजवळ बसली.

“कोण होतं?”

“आमचे हे. मागच्या वर्षी.”

“ती तुमची होडी होती? वाळूवर सापडली ती?”

“हो.”

बाईने दोराचं वेटोळं मांडीवर ठेवलं. “मला माहीत असतं तर त्या पहिल्या दिवशी मी तुम्हाला दांडा दिला नसता.”

“बाई, वारा आजच्यासारखाच होता. होडीही एवढीच. खरं सांगा.”

धक्क्यावर कुणीतरी पाइपने होडी धूत होतं.

“शिकवल्याशिवाय हे कुणाला येत नाही,” बाई म्हणाली. “न येण्यात पाप नाही, हे मी देवासमोरही सांगेन. पण जमण्यासारखं होतं का, असं विचाराल, तर तुम्ही आत्ता केलंत ना.”

तिने मान हलवली. कुणी तरी खरं बोललं, म्हणून तिला बाईचे पाय धरावेसे वाटले, आणि तिथून पळूनही जावंसं वाटलं.

ती घरी गेली नाही. सरळ ताईकडे गेली.

ताई स्वयंपाकघरात मटाराच्या शेंगा सोलत बसली होती. तिला बघून ताईने पाटाएवढं बुटकं एक स्टूल पायाने पुढे सरकवलं आणि निम्म्या शेंगा तिच्यासमोर ओतल्या. दुपार उतरत होती. खिडकीखालच्या रस्त्यावर पोरं चेंडू खेळत होती.

तिने एक शेंग सोलली. दुसरी हातात धरून म्हणाली, “ताई, मी दांडा त्यांच्याकडे ढकलला होता.”

ताईची बोटं थांबली नाहीत.

“उलटा. होडी त्यांच्यापासून लांब गेली ती माझ्यामुळे. वाऱ्याने नाही. मला माहीत नव्हतं. ते हात वर करत होते आणि मी आणखी जोरात दाबत होते. त्यांना वाटलं असेल, ही मला सोडून चाललीय.”

शेंगेतले दाणे भांड्यात पडले. ताई म्हणाली, “मला माहीत आहे.”

“काय?”

“होडी कुठे सापडली ते ऐकलं, तेव्हाच कळलं. होडी मोकळी सोडली तर तोंड वाऱ्याकडे करून उभी राहते. इतक्या लांब पळाली म्हणजे कुणीतरी दांडा दाबून धरला होता.” ती अजूनही शेंगांकडेच बघत होती. “त्याला हाकायला शिकवलं कुणी? मी. बाबा कामावर गेले की मी त्याला मागे बसवायची आणि त्याच्या हातावर हात ठेवायची. तेव्हा तो एवढासा होता.”

“मग वर्षभर मला सांगत राहिलात, तुझ्या हातात काही नव्हतं म्हणून.”

“मग काय सांगायचं होतं? बोलून तो परत येणार होता का?” ताईचा आवाज पहिल्यांदा हलला. “पहिले काही महिने तुझं तोंड बघवत नव्हतं मला. खरं सांगते. दुकानाच्या दारापर्यंत यायची, डबा हातात, आणि वाटायचं, परत फिरावं. माझा भाऊ होता तो. पण आत यायची. कारण तूही कुणीतरी होतीस ना माझी.”

ती रडायला लागली, आवाज न करता. ताईने तिला जवळ घेतलं नाही. भांडं बाजूला ठेवलं आणि ओले हात मांडीवर पुसले.

“मला तुझ्यापेक्षा माझा राग जास्त येतो. माझं लग्न झालं आणि ह्यांच्या होडीत मी पहिल्या दिवशी कुठे बसले, माहीत आहे? पुढे. मला ह्यांच्यापेक्षा चांगली हाकता येत होती. तरी दोर घेऊन पुढे बसले. नवऱ्याचा मान ठेवायचा म्हणून. एकदा पुढे बसले ती कायमचीच. हे गेले तोपर्यंत. पोरगी लहानपणापासून काय बघत आली? आई पुढे, बाबा मागे. आता तीही पुढे बसते.”

तेव्हा ताईचं बोलणं कुठे चाललं आहे ते तिला कळलं, आणि तिने हातातली शेंग खाली ठेवली.

“मी सांगितलं पोरीला, शिकून घे. तर हसते. म्हणते, आई, तुला तरी कधी हाकताना बघितलंय? बरोबरच आहे तिचं. माझं ऐकणार नाही ती.” ताईने आता तिच्याकडे पाहिलं. “तुझं ऐकेल. तू तिला शिकव. निघायच्या आधी.”

“शिकवते. बाईंना विचारून तो पाण्यात टाकायचा पुतळा घेऊन येते.”

“नुसतं शिकवून नाही होणार. चार दिवसांत विसरेल. तू तिला सांग, काय झालं ते.”

खालच्या पोरांचा चेंडू कुणाच्या तरी दारावर आदळला.

“ताई, ती मला...” तिने एक दाणा बोटांत चिरडला. “तिचा मामा होता तो. तुम्ही पचवलंत. तिला नाही जमलं तर?”

“नाही जमलं तर तुझ्याशी बोलणार नाही. काही दिवस, किंवा कायमची. ते मी तुला खोटं सांगणार नाही. पण दांडा कुणीकडे ढकलायचा, ते जन्मात विसरणार नाही.” ताईने एक शेंग उचलली आणि परत ठेवली. “तुला जबरदस्ती नाही. नाही म्हणालीस तरी मी डबा आणत राहीनच.”

ती भांड्यातले हिरवे दाणे बोटांनी हलवत होती. त्या अंधारात भाची म्हणाली होती, देवाने तुला तरी ठेवलं. कशासाठी ठेवलं, ते तेव्हा दोघींनाही माहीत नव्हतं. आताही नक्की कुणाला माहीत होतं? पण बेटांकडे जाणाऱ्या त्या होडीत पुढच्या जागेवर भाची बसलेली तिला स्पष्ट दिसत होती, नव्या दोराला गाठ मारत, वाऱ्याकडे मान करून.

“रविवारी सकाळी जाते,” ती म्हणाली. “शब्द दिला.”

ताईने मान हलवली. मग उरलेल्या शेंगा दोघींनी मिळून सोलल्या.

रविवारी तिने दिवा लावला आणि हात जोडले. आज ते जोडले गेले. मागितलं काहीच नाही. जावईबापूंना बाईने आदल्या संध्याकाळीच धक्क्यावर पोचवलं होतं. भाचीला फोन करून सांगितलं होतं, धक्क्यावर थांब, मला तुला काहीतरी दाखवायचंय. भाची म्हणाली होती, “मामी, तू येतेस पाण्यावर? खरंच?” आणि इतकी आनंदली होती की मामीला ते ऐकवेना, तिने फोन ठेवला होता.

कोपऱ्यावर बेकरीवाली नुकतंच शटर वर करत होती.

“आज वर्ग नाही ना?”

“नाही. भाचीकडे चाललेय. शिकवायला.”

बेकरीवालीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि या वेळी काही गंमत केली नाही. आत जाऊन एक गरम पाव कागदात गुंडाळून आणला आणि तिच्या हातात ठेवला. “दोघींना होईल. पैसे नंतर बघू.”

तिने पाव छातीशी धरला. रस्ता तिथून उताराला लागत होता, आणि खाली होड्यांच्या डोलकाठ्या दिसत होत्या. ती धक्क्याच्या दिशेने उतरू लागली.